डोंगर, दर्या आणि पगारी रजा

वसंत ऋतूत गावकऱ्यांनी एकत्र बसून व्याख्याने ऐकावीत ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घातली. ती कयाधूच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोचली ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र आज ज्यांच्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवला आहे ते विद्वान नव्हेत, हे प्रथमच सांगितलेले बरे. आम्ही वयाच्या पंधराव्या वर्षी जिनिंगच्या कारखान्यात सरकीची पोती वाहू लागलो. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि जे समजले ते कामगारांच्या बैठकांत. म्हणून संयोजकांनी ‘सुट्टीत समुद्रकाठी आणि डोंगरावर कोठे जावे, कोठे उतरावे’ असा विषय आमच्याकडे सोपवला, तेव्हा आम्हांला प्रथम हसूच आले. ज्यांच्या आयुष्यात सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी, त्यांना हवापालटाच्या गोष्टी विचारणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचे वर्णन करायला सांगण्यासारखे होते.

पण विचार करता करता ध्यानात आले की हा विषय आमचाच आहे. माणूस घराबाहेर रात्र काढतो तेव्हा त्याला तीन गोष्टी लागतात. एक, डोक्यावर छप्पर. दोन, दारात कोणी अडवणार नाही असा मान. आणि तीन, उद्याच्या भाकरीची काळजी न करता झोपता यावे इतकी मोकळीक, म्हणजेच रजा. या तिन्ही गोष्टी कोणाला केव्हा मिळाल्या आणि कोणाला अजून मिळायच्या आहेत, हाच सहलीचा खरा इतिहास होय. तो सांगता सांगता जाण्याची आणि उतरण्याची ठिकाणेही ओघाने येतील.

छपरापासून आरंभ करू. आपल्या मुलखात डोंगरातला सर्वांत जुना मुक्काम म्हणजे लेणी. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी ही स्थळे आपण शिल्पे पाहण्यासाठी पाहतो. वस्तुतः ती भिक्षूंच्या वर्षावासाची घरे. कान्हेरीच्या कोठड्यांत दगडात कोरलेले ओटे आहेत, बाहेर पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत. घाटावरून कोकणातल्या बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापाराच्या वाटा याच डोंगरांतून जात, आणि लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी होते तसे कारागीरही होते.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. ते सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे गाव आणि शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, या ठिकाणी आपण चौसोपी विश्रांतिगृहे बांधली, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे त्यात लिहिले आहे. सोपारे हे समुद्रकाठचे बंदर. म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाटसरूंसाठी बांधलेल्या मुक्कामाची ही फार जुनी नोंद. याच लेण्यात दुसरी एक नोंद आहे, आणि ती आम्हांला अधिक मोलाची वाटते. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी उषवदाताने तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. ते ठेवले कोणाकडे? कोणा सावकाराकडे नव्हे, तर विणकरांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. कामगारांच्या संघटनेची पत राजाच्या जावयाला पुरेशी वाटत होती आणि तिच्या व्याजावर डोंगरातल्या मुक्कामाचा खर्च चालत होता, ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली त्या रात्री आम्हांला लवकर झोप आली नाही.

पुढील काळात घाट, विहिरी आणि धर्मशाळा आल्या. अहिल्याबाई होळकरांनी देशभर केलेली बांधकामे सर्वांना ठाऊकच आहेत. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथासारखे ज्योतिर्लिंग आणि नर्सीसारखे नामदेवांचे गाव असल्यामुळे वाटसरूंना ओसरी देण्याची रीत इकडे घरोघर होती. गरीब माणूस तीर्थाला जाई. पायी जाई, देवळात नाही तर ओळखीच्याच्या ओसरीवर पडे, आणि बांधून नेलेली भाकरी खाई. यात्रा हीच त्याची सहल. देवाचे नाव घेतल्यावर रोजगार बुडाल्याचा दोष लागत नसे, हे त्यातले मर्म होते.

परंतु छप्पर असले म्हणजे ते सर्वांसाठी उघडे असते असे नाही. येथे मानाची गोष्ट येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना उतरायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत नाव बदलून त्यांनी खोली घेतली. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत खोली सोडायला लावली. ज्याच्यापाशी विद्या होती, नोकरी होती, भाडे द्यायला पैसे होते, तो माणूस गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिला.

दुसरा प्रसंग आपल्या मराठवाड्यातलाच आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांच्या चळवळीतील सुमारे तीस कार्यकर्ते वेरूळची लेणी पाहण्यासाठी सहलीला निघाले. लक्षात घ्या, ही सभा नव्हती, मोर्चा नव्हता, कामातून वेळ काढून केलेली साधी सहल होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले, तोच पाणी बाटवले म्हणून आरडाओरड झाली आणि जमाव जमला. शेवटी पाण्याला शिवणार नाही या अटीवर आणि शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहू दिला. आज आपण तिकीट काढून त्याच वाटेने वर चढतो तेव्हा हा पहारा आठवावा. सहलीला जाण्याचा हक्क हा लहान हक्क नव्हे. पाण्याच्या हक्काचाच तो एक भाग आहे.

आता डोंगरावरच्या थंड हवेकडे वळू. ही ठिकाणे इंग्रजी अमलात आज दिसतात त्या रूपाला आली. जनरल लॉडविक १८२४ साली महाबळेश्वरचा डोंगर चढला. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ साली साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार केला आणि खंडाळा गावाच्या मोबदल्यात हा प्रदेश कंपनी सरकारकडे घेतला. माल्कमपेठ वसली, बंगले उठले. तेथील रस्ते कोणी केले, भाजीपाला कोणी पिकवला, हे मात्र प्रवासी विचारत नाहीत. महाबळेश्वरी चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता आणि तो १८६४ सालापर्यंत चालला. या कैद्यांनी रस्त्यांवर राबावे आणि बटाट्यासारखी पिके काढावीत, अशी व्यवस्था होती. घरापासून हजारो मैलांवर आणलेली ती माणसे थंड हवेच्या ठिकाणी वर्षानुवर्षे राहिली, पण तिला हवापालट कोण म्हणेल?

माथेरानचीही अशीच गोष्ट. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली तेथे चढला, आणि मुंबईच्या साहेबांना व धनिकांना जवळचा थंड डोंगर मिळाला. सर आदमजी पीरभाई यांच्या घराण्याने नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी बांधली. ती १९०७ साली सुरू झाली. वर मोटारींना बंदी, त्यामुळे झाडी आणि शांतता टिकली, हे माथेरानचे भाग्य. परंतु त्या शांततेत पायी चालू न शकणाऱ्या किंवा न इच्छिणाऱ्या पाहुण्यांना माणसेच वाहून नेत होती. आधी पालखीत, मग हातरिक्षात. लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढे ओढतो, दोघे मागून रेटतात, आणि आत दुसरा माणूस हवा खात बसतो, हे दृश्य स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षे चालले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. प्रथा बंद होणे हा न्याय खराच. पण ओढणाऱ्याची चूल पेटती राहिली तरच तो पुरा न्याय होईल, एवढे आमच्या धंद्याच्या सवयीने सांगून ठेवतो.

याच माथेरानात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकील झाले, गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि शाळा काढल्या, आणि बेचाळीसच्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभारून २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. भाई कोतवाल यांचे वय तेव्हा अवघे तीस होते. माथेरानला जाणाऱ्याने सूर्यास्त अवश्य पाहावा. पण नेरळहून चढताना हे नावही आठवावे, म्हणजे तो डोंगर केवळ पाहुण्यांचा राहत नाही.

आपल्याला मात्र माथेरान किंवा महाबळेश्वर दूर पडते. कळमनुरीकरांचा जवळचा थंड डोंगर म्हणजे चिखलदरा. वाशीम, अकोला, परतवाडा या वाटेने एका दिवसात तेथे पोचता येते. उंची सुमारे ११०० मीटर. हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ साली हे ठिकाण साहेबांच्या नकाशावर आणले असे सांगतात. गवळी, कोरकू यांना ते अर्थातच आधीपासून माहीत होते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीत चालणाऱ्या त्या फौजेच्या छावण्या आपल्या हिंगोलीला होत्या तशा वऱ्हाडात एलिचपूरलाही, म्हणजे आजच्या अचलपूरलाही होत्या. हिंगोलीच्या छावणीत उन्हाने तापलेल्या साहेबाला जी हवा हवीशी वाटे, ती आज एस. टी.ने जाणाऱ्या कोणालाही मिळू शकते. जवळच गाविलगड आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या सैन्याने तो घेतला. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल या जागा आहेत, कॉफीची लागवड आहे, आणि भोवती मेळघाटचे वाघांचे जंगल आहे. पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत, खाजगी लॉजही आहेत. मे महिन्यात खोली आधी ठरवल्यावाचून जाऊ नये, आणि मेळघाटात शिरताना वनखात्याचे नियम पाळावेत.

डोंगर झाला. आता रजेकडे येऊ, कारण तिच्यावाचून पुढचे सारे फुकट आहे.

आठवड्याला एक दिवस सुट्टी ही गोष्ट आज आपण सूर्योदयासारखी गृहीत धरतो. पण तीही मिळवावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यानंतर सहा वर्षे झगडावे लागले. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी जो कोणी चहाचा दुसरा पेला घेतो, तो लोखंड्यांचा ऋणी आहे.

परंतु रविवारच्या एका दिवसात समुद्र दिसत नाही. त्याला सलग रजा हवी, आणि ती पगारासह हवी. १९३६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्षभराच्या नोकरीनंतर किमान सहा दिवसांची पगारी रजा असावी असा करार केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. सरकारने रेल्वेची सवलतीची तिकिटे काढली. त्या उन्हाळ्यात कित्येक फ्रेंच कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना १९४५ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रौढ कामगारांना वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. बडोद्यात ज्यांना खोली मिळाली नाही, त्यांच्या कारकीर्दीत लाखो कामगारांना रजा मिळाली, हा योगायोग आम्ही कधी विसरत नाही. पुढे १९४८ च्या कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस, असे प्रमाण ठरवले.

हा २४० चा आकडा आम्हांला चांगला पाठ आहे. जिनिंगचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याबरोबर संपतो. २४० दिवस भरतच नाहीत. म्हणून तेथे पुष्कळ वर्षे घाम गाळूनही आमच्या वाट्याला कायद्याची एक दिवसाची रजा आली नाही. पुढे ज्या बारमाही कारखान्यात आम्ही संघटना बांधली, तेथे कंत्राटदार २३० दिवस झाले की नाव कमी करी आणि पंधरवड्याने तेच नाव नव्या क्रमांकाने लिही. माणूस तोच, यंत्र तेच, फक्त रजा नाहीशी. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आहे. आता कोणाचे नाव १७० व्या दिवशी कमी होते काय, हे पाहण्याचे काम आमच्यासारख्यांचे आहे.

आणि ज्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही त्यांचे काय? आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, आणि मुक्काम म्हणजे फडाजवळची पाचटाची कोपी. कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. खाडा पडला की मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. बाई आजारी पडली तरी खाडा, पोर आजारी पडले तरी खाडा. सह्याद्रीच्या पायथ्याशी सहा-सहा महिने राहून ज्यांनी कधी डोंगर चढून पाहिला नाही, अशी माणसे याच सभेत बसली आहेत. त्यांना डोंगर दिसला तो उसाच्या गाडीवरून.

आता समुद्राकडे जाऊ. कळमनुरीहून कोणत्याही वाटेने गेले तरी समुद्र पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. ज्यांच्या दारात तो होता त्या कोकणी माणसालाही तो सुट्टीचा नव्हता. तो पोटासाठी गिरणगावात गेला आणि गणपती-शिमग्याला बोटीने घरी येऊ लागला. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी जाणारे कितीतरी त्यांत होते. पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. तिचे बोगदे आणि पूल पाहून प्रवासी थक्क होतात. रत्नागिरी स्थानकाबाहेर, ते बांधताना मृत्यू पावलेल्या कामगारांचे स्मारक आहे. गाडीतून उतरल्यावर तेथे क्षणभर थांबावे.

रत्नागिरीत थिबा राजवाडाही पाहावा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले. राजवाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला आणि १९१६ साली राजा येथेच वारला. उत्तम वाडा, समोर खाडी, वर आंब्याचा प्रदेश, पण घरी जायची परवानगी नाही. म्हणजे छप्पर होते आणि मानही काही थोडा होता, पण मोकळीक नव्हती. तिन्ही गोष्टी एकत्र लागतात असे आम्ही आरंभी म्हटले, ते याचसाठी.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील बायांनी भिशी लावली. हळद काढणाऱ्या आणि शिजवणाऱ्या, पूर्वी ऊसतोडीला जाणाऱ्या अशा चाळीस बाया. दर आठवड्याला थोडे थोडे टाकत दोन वर्षांनी रक्कम जमली आणि प्रासंगिक करारावर एस. टी.ची गाडी ठरली. जायचे ठरले गणपतीपुळ्याला, कारण देव आणि दर्या दोन्ही एका जागी. वाटेत रात्र झाली म्हणून एका गावी लॉजवर चौकशी केली. खोल्या आहेत असे फोनवर सांगितले होते. गाठोडी, नऊवारी आणि अनवाणी पाय पाहिल्यावर खोल्या भरल्या. आमच्या मागून मोटारीतून आलेल्या कुटुंबाला मात्र किल्ली मिळाली. भांडण करण्याची आमची तयारी होती, पण बाया म्हणाल्या, “राहू द्या भाऊ, आपलं छप्पर आपल्या संगं हाय.” ती रात्र चाळीस जणींनी एस. टी.तच काढली.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याच्या भक्तनिवासात मात्र कोणी काही विचारले नाही. नाव लिहिले, पैसे घेतले, चटया दिल्या. डोंगरालाच देव मानून त्याला प्रदक्षिणा घालायची तेथे रीत आहे. बायांनी ती घातली आणि मग वाळूत उतरल्या. बराच वेळ कोणी बोलेना. आमच्यातली एक साठीची बाई, जन्मभर ऊस तोडलेली, पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. ती वळून आम्हांला म्हणाली, “भाऊ, आज खाडा कुणाच्या नावावर पडंल?”

आम्ही म्हणालो, “कुणाच्याच नाही, आक्का. आजचा दिवस तुमचा.”

ती पुन्हा पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. लाटा येत होत्या आणि तिच्या पायाखालची वाळू ओढून नेत होत्या. संध्याकाळी मालगुंडला केशवसुतांचे घर पाहायला सगळ्याजणी आल्या, पण ही बाई आली नाही. “मी इथंच बसते,” म्हणाली, “हिथं कुणी उठ म्हणत नाही.”

श्रोतेहो, तीस वर्षांच्या कामात आम्ही पुष्कळ मागण्या लिहिल्या, परंतु रजेची इतकी सोपी व्याख्या आम्हांला कधी लिहिता आली नाही.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो. पैशाची अडचण असेल तर एकट्याने न जाता गटाने जावे. भिशी लावावी आणि एस. टी.चा प्रासंगिक करार करावा. मार्च २०२३ पासून एस. टी.च्या नेहमीच्या गाड्यांत स्त्रियांना अर्धे भाडे आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासावर चार किंवा सात दिवस फिरता येते. उतरण्यासाठी देवस्थानांची भक्तनिवासे सर्वांत स्वस्त. त्यानंतर १९७५ साली स्थापन झालेल्या पर्यटन महामंडळाची निवासस्थाने, आणि कोकणात घरगुती राहण्याजेवणाची सोय. त्यांत पैसा गावातल्याच माणसाच्या हाती जातो. बँका, विमा अशा संघटित नोकरांनी ठिकठिकाणी आपली विश्रामगृहे मिळवली आहेत. आपल्या आस्थापनेत तशी सोय असेल तर विचारावे, नसेल तर मागावी. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला अवश्य पाहावा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. पावसाळ्यात मात्र तेथील होड्या बंद असतात, आणि खवळलेल्या समुद्रात उतरण्याचे धाडस कोणी करू नये. ज्यांना इतके दूर जाणे शक्य नाही, त्यांनी औंढा, नर्सी आणि ईसापूर धरणाचा जलाशय तरी मुलाबाळांसह पाहावा. पाणी तेथेही क्षितिजापर्यंत दिसते.

आणि एक विनंती. यजमान म्हणून आपल्या गावी कोणी मुक्कामाला आला, तर त्याचे गाठोडे पाहू नये. खोली झाडणारी बाई, पाणी भरणारा पोरगा, गाडी चालवणारा चालक, यांनाही विचारावे, “तुमची सुट्टी कधी?” आमच्या अनुभवात बहुतेक जण प्रथम हसतात. आम्हीही हा विषय मिळाला तेव्हा हसलो होतो.

एकोणीसशे वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या बंदरात वाटसरूंसाठी चौसोपी बांधणाऱ्याने तिची गोष्ट दगडावर कोरून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळली. आमच्या चाळीस जणींची गोष्ट कोणी दगडावर कोरणार नाही. ती या संग्रहाच्या दोन पानांत राहिली तरी पुष्कळ झाले. पुढच्या वर्षी भिशी पुन्हा लावणार आहोत. या खेपेला चिखलदऱ्याला जाण्याचा बेत आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर नाव सांगावे.

इतके बोलून आपली रजा घेतो.